सकाळच्या गाडीने जाणाऱ्या मुलामुलींचा आहार

खेडेगावातील शाळा बहुधा दहावीला संपते. पुढील शिक्षणासाठी मुलामुलींना तालुक्याच्या गावी जावे लागते. सकाळी सहा-साडेसहाची एस. टी. गाडी गाठावयाची म्हणजे पाचला उठणे आले. पाणी भरणे, झाडलोट, गोठ्यातील काम यांत तासभर निघून जातो. घरातून निघताना मुलीच्या पोटात कपभर चहा आणि दोन बिस्किटे जातात. दुपारी स्टँडवरचा वडापाव किंवा दुकानातील कुरकुरीत पुडी खाऊन ती वेळ मारून नेते. संध्याकाळी पाचला घरी आल्यावर पुन्हा चहा, आणि रात्री सर्वांची जेवणे आटोपल्यावर आईबरोबर उरलेली भाकरी व तळाची पातळ आमटी. चोवीस तासांत पोटभर असे जेवण एकच, तेही झोपेच्या वेळी.

अशी मुलगी काही महिन्यांत वर्गात पेंगू लागते. जिना चढताना तिला धाप लागते, डोके दुखते, पाठ केलेले आठवत नाही. घरची माणसे म्हणतात, "हिचे अभ्यासात लक्ष नाही." परीक्षेत गुण कमी पडतात आणि "शिकून तरी काय करायचे?" असा विचार घरात सुरू होतो. आळस म्हणून ज्याची संभावना होते, ते अनेकदा रक्तातील लोहाची कमतरता असते. मुलीचे शिक्षण थांबविण्यापूर्वी तिच्या डब्याकडे एकदा पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

वाढीच्या वयाची गरज

तेरा ते अठरा ही वर्षे शरीराच्या झपाट्याने होणाऱ्या वाढीची असतात. या काळात उंची वाढते, हाडे भरतात, स्नायू घडतात. मुलींना मासिक पाळी सुरू झाल्यामुळे दरमहा लोहाचा व्यय होतो. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या शिफारशींनुसार सोळा ते अठरा वर्षांच्या मुलीला दररोज ४६ ग्रॅम प्रथिने, ३२ मिलिग्रॅम लोह आणि १०५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. त्याच वयाच्या मुलाला ५५ ग्रॅम प्रथिने व २६ मिलिग्रॅम लोह हवे. या बाबतीत वाढत्या मुलीची लोहाची गरज मुलापेक्षा अधिक आहे, आणि पानात मात्र बहुधा तिलाच कमी पडते.

याचा परिणाम दिसून आला आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी शेकडा ५९ मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले. मुलांतही हे प्रमाण शेकडा ३१ होते.

शाकाहार अपुरा नाही, मांडणी अपुरी आहे

शाकाहारात ताकद नाही, असा समज तरुण मुलांत पसरलेला आहे. पोलीस किंवा सैन्याच्या भरतीसाठी पहाटे धावणारी मुले या समजापोटी महागड्या पावडरींचे डबे विकत आणतात. वस्तुतः ज्या शेतात ज्वारी-बाजरीबरोबर तूर, मूग, मटकी किंवा हरभरा पिकतो, त्या शेतात उत्तम प्रथिने पिकतात. धान्याच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो, तो डाळींत भरपूर असतो. डाळींत जो घटक कमी असतो तो धान्यातून मिळतो. भाकरी आणि आमटी ही जोडी एकमेकींची उणीव अशा रीतीने भरून काढते.

दोष जोडीत नसून प्रमाणात आहे. तीन भाकऱ्यांना वाटीभर पाणीदार आमटी पुरत नाही. डाळ किंवा कडधान्य दररोज माणशी ८० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन्ही जेवणांत मिळून दोन वाट्या दाट वरण किंवा उसळ, इतके असावयास हवे. ५० ग्रॅम फुटाणे आणि ३० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे यांतून सुमारे १८ ग्रॅम प्रथिने मिळतात. सोळा वर्षांच्या मुलीची दिवसाची सुमारे दोन पंचमांश गरज या दोन मुठींत भागते. त्यांसाठी चूल पेटवावी लागत नाही की डब्याचा वेगळा खटाटोप करावा लागत नाही.

लोह पानात असून अंगी का लागत नाही?

बाजरी, कडधान्ये, पालेभाज्या, तीळ आणि अळीव यांत लोह असते. परंतु वनस्पतींतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही. धान्यांतील व कडधान्यांतील फायटेट हे द्रव्य त्याला अडवून धरते. जेवणाबरोबर घेतलेला चहा तर या अडथळ्यात मोठीच भर घालतो. यावर उपाय मात्र साधे आहेत.

पहिला उपाय म्हणजे जेवणात आंबट फळ असणे. लिंबू, आवळा व पेरू यांतील क जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण पुष्कळ वाढते. हे जीवनसत्त्व उष्णतेने नाश पावते, यास्तव लिंबू उसळ शिजताना न घालता डब्यात फोड ठेवून जेवताना पिळावे. दुसरा उपाय कडधान्यांना मोड आणण्याचा. भिजवून मोड आणल्याने फायटेटचे प्रमाण घटते आणि उसळ पचावयास हलकी होते. तिसरा उपाय चहाची वेळ बदलण्याचा. जेवणाआधी आणि जेवणानंतर निदान एक तास चहा घेऊ नये. चौथा उपाय जुनाच आहे. लोखंडी कढईत भाजी व लोखंडी तव्यावर थालीपीठ करावे. कढईतील थोडे लोह पदार्थात उतरते, विशेषतः पदार्थ आंबट असल्यास. भाजी शिजल्यावर मात्र ती दुसऱ्या भांड्यात काढून ठेवावी.

गुळाने आणि बिटाने रक्त वाढते, ही समजूत सर्वत्र आहे. बिटाचा रंग लाल असला तरी त्यात लोह अल्पच असते. खड्याएवढ्या गुळातून मिळणारे लोहही फारच थोडे असते. गूळ चवीपुरता खाण्यास हरकत नाही, परंतु रक्तवाढीसाठी त्यावर विसंबून राहू नये.

बाजरी पिकविणाऱ्या शेतकऱ्यांनी 'धनशक्ती' या वाणाची माहिती करून घ्यावी. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठ व हैदराबादजवळील इक्रिसॅट ही संस्था यांच्या सहकार्याने तयार झालेल्या या वाणाच्या दाण्यात लोहाचे प्रमाण नेहमीच्या बाजरीहून अधिक असते. पेरणीचा थोडा भाग घरच्या खाण्यासाठी या वाणाखाली ठेवण्यासारखा आहे. बाजरीचे पीठ मात्र आठवड्याला लागेल तेवढेच दळून आणावे. जास्त दिवस ठेवल्यास ते कडवट होते.

दूध डेअरीला आणि घरी

आजची अडचण अशी की, गोठ्यात दोन म्हशी असूनही घरात दूध उरत नाही. सकाळ-संध्याकाळचे सारे दूध डेअरीला जाते आणि चहापुरते कपभर राहते. कॅल्शियमची काही गरज नाचणी, तीळ, राजगिऱ्याचा पाला व शेवग्याचा पाला यांतून भागू शकते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, म्हणजे तितक्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. परंतु ब-१२ हे जीवनसत्त्व कोणत्याही धान्यात किंवा भाजीत भरवशाचे मिळत नाही. शाकाहारी घरात ते दूध, दही आणि ताक यांतूनच यावयाचे. त्याच्या अभावी रक्तक्षय तर होतोच, शिवाय हातापायांना मुंग्या येतात व जीभ सोलल्यासारखी होते. अशी लक्षणे दिसल्यास दुधावर न थांबता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आदल्या रात्रीची दहा मिनिटे

सकाळी वेळ नसतो ही तक्रार खरी आहे. यासाठी तयारी आदल्या रात्रीकडे व रविवारकडे ढकलावी. रविवारी सकाळी मटकी भिजत घालून रात्री फडक्यात बांधावी; उन्हाळ्यात सोमवारी सकाळपर्यंत मोड येतात, हिवाळ्यात एक दिवस अधिक लागतो. त्याच दिवशी जवस, कारळे, तीळ किंवा शेंगदाणे यांची कोरडी चटणी कुटून ठेवावी. शेंगदाणे, तीळ व गूळ यांचे किंवा नाचणीच्या पिठाचे लाडू वळून ठेवावेत. भाजणी महिन्यातून एकदा दळून आणली की सकाळचे थालीपीठ पाव तासात होते.

डब्याची आठवड्याची मांडणी पुढीलप्रमाणे करता येईल. सोमवारी बाजरीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ आणि लिंबाची फोड. मंगळवारी मेथी घातलेले भाजणीचे थालीपीठ व घट्ट दही. बुधवारी ज्वारीची भाकरी, शेंगदाणे घातलेली अंबाडीची भाजी व एक पेरू. गुरुवारी पाण्याऐवजी दुधात भिजविलेल्या पिठाची दशमी, हरभऱ्याची उसळ आणि चटणी. शुक्रवारी मुगाचे धिरडे आणि टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर. शनिवारी पालक किंवा शेवग्याचा पाला घातलेली धपाटी व ताक.

गाडीत बसल्यावर खाण्यासाठी फुटाणे-शेंगदाण्याची पुडी वेगळी द्यावी. स्टँडवरचा वडापाव महिन्यातून एखादे वेळी खाल्ल्याने बिघडत नाही; तो रोजचे जेवण होता कामा नये. पाण्याची बाटलीही बरोबर असावी. स्वच्छतागृहाची सोय नाही म्हणून अनेक मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. हा प्रश्न आहाराचा नाही, तर गावकऱ्यांनी शाळेच्या व आगाराच्या व्यवस्थापनाकडे नेटाने मांडण्याचा आहे.

उपवासाच्या दिवशी केवळ साबुदाणा खाल्ल्याने पोट भरते, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी किंवा लाडू, शेंगदाण्याची आमटी, वरई, दूध आणि फळ घ्यावे. उपवास पाळला जातो आणि शरीराचीही उपेक्षा होत नाही.

विकण्यापूर्वी घरचा वाटा

शेतकऱ्याच्या घरातील आहार स्वयंपाकघरात ठरत नाही, तो खळ्यावर ठरतो. तूर आणि हरभरा पोत्यांनी बाजारात जातो आणि पुढे तीच डाळ किलो-किलोने दुकानातून येते. भाव वाढला की आमटीत पाणी वाढते. याचा हिशेब एकदा कागदावर मांडावा. दररोज ८० ग्रॅम म्हटल्यास एका मुलीला वर्षाला सुमारे २९ किलो डाळ-कडधान्य लागते. दररोज ३० ग्रॅम शेंगदाणे म्हणजे वर्षाला ११ किलो. दररोज ३०० मिलिलिटर दूध म्हणजे वर्षाला सुमारे ११० लिटर. पाच माणसांच्या घराला दीड क्विंटलच्या आत-बाहेर कडधान्य पुरते. पेरणीची आखणी करतानाच हा वाटा धरावा, आणि माल बाजारात नेण्यापूर्वी तो वाळवून, कीड लागणार नाही अशा बंदोबस्तात कोठीत ठेवावा.

परसात न्हाणीच्या सांडपाण्यावर एक लिंबू, एक पेरू आणि शेवग्याची दोन झाडे सहज जगतात. शेवगा फांदी लावूनही येतो. त्याचा पाला धुऊन सावलीत वाळवावा व चुरून ठेवावा. मूठभर चुरा भाकरीच्या किंवा थालीपिठाच्या पिठात मिसळता येतो. उरलेल्या जागेत मेथी, राजगिरा व पालक यांचे लहान वाफे आठ-दहा दिवसांच्या अंतराने पेरल्यास घरात पालेभाजीचा खंड पडत नाही. पावसाळ्यात तांदुळजा, घोळ आणि कुर्डू बांधावर आपोआप उगवतात. पालेभाजी आधी धुवावी व मग चिरावी, आणि शिजविलेले पाणी फेकून देऊ नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

रक्तक्षय एकदा जडला की केवळ आहाराने तो लवकर भरून येत नाही. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना शाळेतून, आणि शाळेत न जाणाऱ्या मुलींना अंगणवाडीतून, लोह व फॉलिक ॲसिडची निळी गोळी आठवड्यातून एकदा देण्याची योजना आहे. ही गोळी जेवणानंतर घ्यावी. शौचाचा रंग काळसर झाल्यास भिण्याचे कारण नाही. वर्षातून दोनदा मिळणारी जंतनाशक गोळीही चुकवू नये, कारण आतड्यातील जंत रक्त शोषून घेतात. मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिनचे प्रमाण डेसिलिटरला १२ ग्रॅमहून कमी भरल्यास आरोग्य केंद्रात उपचार सुरू करावेत.

आहाराच्या सभा बहुधा मातांसाठीच भरविल्या जातात. परंतु दूध किती विकावयाचे आणि तूर किती ठेवावयाची, हे बहुतेक घरांत वडील ठरवितात. यास्तव सभेस वडिलांना आवर्जून बोलवावे. पेरणीपूर्व बैठकीत बियाणे व खते यांच्या जोडीला घरच्या धान्याच्या हिशेबासाठीही पाव तास राखून ठेवावा. मुलीने सर्वांबरोबर पहिल्या पंगतीस बसावे, ही गोष्ट सांगण्यास कार्यकर्त्यांनी संकोच करू नये.

पहाटे पाचला उठून गाडी गाठणारी मुलगी आपल्या वाट्याचे कष्ट करीतच आहे. ते कष्ट फळास यावेत यासाठी तिच्या पिशवीत पुस्तकांबरोबर भाकरी, उसळ आणि लिंबाची फोड असलेला डबा जावा, एवढेच घराने पाहावयाचे आहे. त्यासाठी लागणारे बहुतेक सारे शेतात पिकते. त्यातील तिचा वाटा आधी काढून ठेवला पाहिजे.