क्लच, तोल आणि कच्चं लायसन्स

बीड जिल्ह्यात मोटारसायकल शिकण्याची शाळा म्हणजे पांदण. नाहीतर गावाबाहेरचं मैदान, कापणी झालेलं रान, झेडपीच्या शाळेमागची मोकळी जागा. शिकवणारा बहुतेक वेळा चुलतभाऊ किंवा मामा असतो. त्याचा अभ्यासक्रम तीन वाक्यांचा: क्लच हळू सोड, खाली बघू नको, पुढचा ब्रेक मारू नको. संध्याकाळपर्यंत गाडी चालायला लागते आणि दुसऱ्या दिवशी शिकणारा डांबरीवर येतो. या तीन वाक्यांपैकी पहिली दोन शास्त्राला धरून आहेत. तिसऱ्याने मात्र अनेकांचा घात केला आहे. त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

आधी तोलाबद्दल. ज्याला सायकल येते त्याला मोटारसायकलचा तोल नव्याने शिकावा लागत नाही, कारण मेंदूच्या मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूने ते काम आधीच पाठ केलेलं असतं. चाकं भिंगरीसारखी फिरतात म्हणून गाडी उभी राहते, असं आपण शाळेत ऐकलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. २०११ मध्ये नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी चाकांचा हा भिंगरी परिणाम काढून टाकलेली एक सायकल बनवली. ढकलून दिल्यावर तीही स्वाराविना तोल सांभाळत पुढे गेली. खरी मेख अशी की गाडी ज्या बाजूला कलते त्या बाजूला हँडल वळतं आणि चाकं पुन्हा वजनाखाली येतात. वेग असला की हे आपोआप घडतं, वेग नसला की ते काम स्वाराला करावं लागतं. म्हणून नवशिका वेगात पडत नाही, थांबताना पडतो.

यातली आणखी एक गंमत बहुतेक जुन्या चालकांनाही सांगता येत नाही. वेगात असताना गाडी डावीकडे वळवायची तर आपण हँडल क्षणभर किंचित उजवीकडे ढकलतो. त्यामुळे गाडी डावीकडे कलते आणि मग वळते. सायकलवाला हे नकळत करतच असतो. पण समोर अचानक बैल आला की घाबरलेला माणूस जाणीवपूर्वक हँडल उलट बाजूला ओढायला जातो आणि सगळी गडबड होते. ‘खाली बघू नको’ या सूचनेमागेही असंच कारण आहे. नजर जिथे खिळते तिकडे हात गाडी नेतात. खड्ड्याकडे टक लावून बघणारा खड्ड्यातच जातो.

तोलापेक्षा अवघड असतं ते चार हातापायांना चार कामं देणं. डाव्या हाताकडे क्लच, उजव्या हाताकडे अ‍ॅक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक, डाव्या पायाकडे गिअर, उजव्या पायाकडे मागचा ब्रेक. सुरुवातीला यातली प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते आणि मेंदूची विचार करून काम करण्याची जागा फार लहान असते. तिथे क्लच आणि गिअर बसले की रस्त्यासाठी जागाच उरत नाही. शिकाऊ चालकाला समोरची एसटी ‘दिसली नाही’ असं तो म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. डोळ्यांना ती दिसलेली असते, पण मेंदूपर्यंत तिची वर्दी पोचलेली नसते.

सरावाने या हालचाली मेंदूच्या खोल भागात मुरतात आणि हातापायांना आपोआप जमू लागतात. हे मुरणं बरंचसं झोपेत होतं. म्हणून रविवारी सलग पाच तास गाडी फिरवण्यापेक्षा दहा दिवस रोज अर्धा तास शिकलेलं जास्त टिकतं. कायद्याने कच्चं लायसन्स मिळाल्यापासून किमान ३० दिवसांनी पक्क्याची चाचणी ठेवली आहे. नियम करताना कोणी झोपेचा विचार केला नसेल, पण हिशेब बरोबर जुळतो.

आता त्या पुढच्या ब्रेकबद्दल. गाडी थांबवताना वजन पुढच्या चाकावर येतं. एसटीत उभे असताना ड्रायव्हरने ब्रेक मारला की आपण पुढे झुकतो, तसंच. पुढच्या चाकावर दाब वाढला की त्याची रस्त्यावरची पकड वाढते आणि मागच्याची कमी होते. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्या चाकात असते. फक्त मागचा ब्रेक दाबणाऱ्याचं चाक लॉक होतं, गाडी घसरते आणि थांबायला जवळपास दुप्पट अंतर लागतं. मग ‘पुढचा ब्रेक मारला की पडतो’ हा अनुभव खोटा का? तोही खोटा नाही. मुरमावर, वाळूवर, हँडल वळलेलं असताना किंवा ब्रेक एकदम आवळला तर पुढचं चाक निसटतं. पांदणीत शिकवणाऱ्याने तिथल्या मातीपुरता दिलेला सल्ला शिकणारा डांबरीवरही पाळत राहतो, अडचण तिथे आहे. पुढचा ब्रेक लिंबू पिळावं तसा, क्रमाक्रमाने दाबायचा आणि सोबत मागचाही. गाडी सरळ असताना, कोरड्या डांबरीवर, २० च्या वेगाने सुरुवात करून हा सराव पन्नास वेळा तरी करावा. शिकवणारे नेमका हाच धडा वगळतात, कारण ‘गाडी आली’ असं म्हणायला गाडी पुढे जाणं पुरेसं धरतात. २०१९ पासून नव्या गाड्यांमध्ये १२५ सीसीपर्यंत दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. पण गावात शिकायला मिळते ती बहुधा घरातली जुनी गाडी.

अंतराचा हिशेब एकदा मनात बसला की वेगाकडे बघण्याची दृष्टी बदलते. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर हात जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो, तेवढ्यात १७ मीटर संपले. दोन्ही ब्रेक नीट लावले तरी कोरड्या रस्त्यावर आणखी २० मीटर लागतात. एकूण ३७. ताशी ३० चा वेग असेल तर एकूण १३ मीटरमध्ये काम भागतं. वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं. आता हे गळीत हंगामातल्या रात्रीला लावून बघा. उसाने भरलेली ट्रॉली, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर पाचटाने झाकलेला, समोरून येणाऱ्या ट्रकचा अप्पर डोळ्यांवर. ती ट्रॉली ३० मीटरवर दिसली तर ६० ने येणारा स्वार तिला धडकणारच, मग तो कितीही हुशार असो. नवशिक्याने पहिले काही महिने अंधारात हमरस्त्यावर जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. धारूरचा घाट तर दिवसाही लांबच ठेवावा.

खरा अवघड प्रश्न वयाचा आहे. १८ पूर्ण झाल्याशिवाय गिअरच्या गाडीचं लायसन्स मिळत नाही. १६ व्या वर्षी मिळणारं लायसन्स फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं असतं आणि आज रस्त्यावर दिसणाऱ्या पेट्रोलच्या स्कूटर साधारण ११० सीसीच्या पुढच्या असतात. म्हणजे सोळा वर्षांच्या मुलाला ‘चालतंय’ म्हणून स्कूटर देणं कायद्यात बसत नाही. पण बीडमध्ये दिवाळीनंतर हजारो घरांतले आई-वडील ऊसतोडीला जातात. घरी आजी-आजोबा, नववी-दहावीतला मुलगा आणि अंगणात मोटारसायकल. आजोबांची गोळी आणायची, दळण आणायचं, बहिणीला एसटीच्या थांब्यावर सोडायचं. चौदा वर्षांचा मुलगा गाडी हौसेखातर नाही, घर चालवायला म्हणून हातात घेतो. त्याला बेजबाबदार म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही.

तरीही शरीरशास्त्र त्याच्या बाजूने नाही. धोका तोलून पाहणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो, तर थरार हवासा वाटायला लावणारी यंत्रणा त्याआधीच जोमात आलेली असते. २००५ मध्ये अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी किशोरांना, तरुणांना आणि प्रौढांना गाडी चालवण्याचा व्हिडिओ गेम दिला, काहींना एकटं असताना आणि काहींना सोबत्यांसमोर. सोबती बघत असताना किशोरांनी कितीतरी जास्त धोका पत्करला, प्रौढांमध्ये फारसा फरक पडला नाही. एकटा सावकाश दळण आणणारा मुलगा मागे दोन मित्र बसले की वेगळाच मुलगा होतो, हे गावात सगळ्यांनी पाहिलेलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायदाही कडक झाला. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. ज्याला पुढे ड्रायव्हर म्हणून पोट भरायचं आहे त्याच्यासाठी ही शेवटची शिक्षा सगळ्यांत जड आहे.

लायसन्सची वाट तशी सरळ आहे. जिल्ह्यात बीडला (एमएच-२३) आणि अंबाजोगाईला (एमएच-४४) अशी दोन परिवहन कार्यालयं आहेत. कच्च्या लायसन्सचा अर्ज ‘सारथी’ संकेतस्थळावर होतो आणि जून २०२१ पासून आधारच्या आधारे परीक्षाही घरबसल्या देता येते. नियमातलं शुल्क एका प्रकारच्या गाडीला १५० रुपये आणि परीक्षेचे ५० रुपये. परीक्षेत ६० टक्के उत्तरं बरोबर लागतात. सोय चांगली आहे, पण घरी मोबाइलवर मुलाऐवजी दादाच उत्तरं देणार असेल तर ‘थांबा’ आणि ‘रस्ता द्या’ या चिन्हांतला फरक मुलाला चौकात कळायचा कसा? अर्जातल्या आरोग्याच्या प्रतिज्ञापत्रावर तर सगळेच न वाचता सही करतात. त्यात विचारलेलं असतं की दिवसाच्या उजेडात, चष्मा असेल तर चष्म्यासह, २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का. ही तपासणी अंगणात दोन मिनिटांत होते. पंचवीस मोठी पावलं मोजा आणि वाचायला सांगा. कित्येक मुलांना चष्मा लागल्याचं पहिल्यांदा इथेच कळेल. चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. रंगांधळेपणा सौम्य किंवा मध्यम असेल तर २०२० पासून लायसन्स मिळू शकतं. पूर्वी ते नाकारलं जायचं.

कच्च्या लायसन्सवर गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावायचा असतो आणि मागे फक्त पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा बसू शकतो. मित्र नाही, बायको नाही. पक्क्या चाचणीत आठचा आकडा काढायला लावतात. अनेकांना तो जुलूम वाटतो, पण संथ वेगात क्लच, मागचा ब्रेक आणि नजर यांचा मेळ बसला आहे का, हे त्यात लगेच उघडं पडतं. अर्ध्या क्लचवर, मागच्या ब्रेकला हलका पाय ठेवून, वळणाच्या शेवटाकडे बघत गेलं तर पाय टेकत नाही.

गाडी शिकणाऱ्या बायकांची संख्या वाढते आहे. शिक्षिका, आशाताई, कॉलेजच्या मुली. त्या बहुधा स्कूटरवर शिकतात आणि तिथली चूक वेगळी असते. घाबरल्यावर मूठ आवळली जाते आणि अ‍ॅक्सिलरेटर आणखी पिळला जातो. म्हणून पहिला दिवस चावी बंद ठेवून, गाडी उतारावरून सोडून फक्त दोन्ही ब्रेक लावायला शिकण्यात घालवावा. बिनगिअरच्या लायसन्सवर गिअरची गाडी चालवता येत नाही, हेही अर्ज भरतानाच लक्षात घ्यावं. मागे एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या बाईचा धोका तर कोणी मोजतच नाही. न दिसलेल्या गतिरोधकावर ती उडते आणि डोक्यावर पडते. पदर चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाची किमान निम्मी बाजू झाकणारी जाळी आणि मागच्याला धरायला कडी नियमानेच सक्तीची आहे. गाडी ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून पोरं पहिली ती जाळीच काढतात.

हेल्मेटबद्दल बीडकर एकच सांगतात: उन्हाळ्यात डोकं तापतं. तापतं हे खरंच आहे. पण अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष असा की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले ५० हजारांहून अधिक. आयएसआय शिक्का हवा, पट्टा हनुवटीखाली लावलेला हवा आणि मागच्यालाही हवं. चार वर्षांवरच्या लेकरालाही कायद्याने ते लागतं. गोपीनाथ मुंडे आणि विनायक मेटे, बीडचे दोन नेते रस्ता अपघातांत गेले, २०१४ मध्ये दिल्लीत आणि २०२२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर. दोघंही चारचाकीत होते. दुचाकीवाल्याभोवती तर पत्राही नसतो.

अपघात दिसला तर १०८ ला फोन करावा. जखमीची मान हलवू नये, श्वास चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नये. मदत करणाऱ्याला पोलिसांच्या चौकशीत अडकवता येत नाही, असं संरक्षण कायद्यात आहे. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्तावर सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोकड न भरता उपचार होऊ शकतात. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयापर्यंत पोचायला आपल्याकडे वेळ लागतो, म्हणून पहिला फोन महत्त्वाचा.

आणि कॅलेंडरची एक गोष्ट. कच्चं लायसन्स सहा महिने चालतं. अठरा पूर्ण झालेला मुलगा दसऱ्याला ते काढून आई-वडिलांसोबत फडावर गेला, तर परत येईपर्यंत त्याची मुदत संपत आलेली असते, कधी संपलेलीही असते, आणि पुन्हा पहिल्यापासून अर्ज करावा लागतो. पाडव्याच्या सुमारास माणसं गावी परततात, तेव्हा अर्ज केला तर मे महिन्यात रिकाम्या रानात सराव होतो, पेरणीच्या आधी चाचणी देता येते आणि पुढच्या हंगामाला निघताना पक्कं लायसन्स खिशात असतं.