गाय, म्हैस आणि एजंटचं टूल

‘एआय एजंट कोड लिहितो, निबंध लिहितो, मग एखादं टूल कशासाठी आहे हे त्याला चार ओळींत का समजवावं लागतं?’ बेंगळुरूच्या एका सॉफ्टवेअरवाल्या वाचकांचा हा प्रश्न. त्याचं कारण सोपं आहे. टूलच्या आतला कोड सहसा एजंटपुढे नसतोच. त्याला मिळतं टूलचं नाव, वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या साच्यात पुरवायची याचा तपशील. निवड करायची ती एवढ्यावरच.

उदाहरण त्यांच्याच शहरातलं घेऊ. झिरोधा या तिथल्या ब्रोकर कंपनीने 2025 मध्ये ‘काइट एमसीपी’ आणलं. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर 2024 मध्ये खुल्या केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलवर, म्हणजे एआयला बाहेरची टूल्स जोडण्याच्या सामायिक पद्धतीवर, ते चालतं. खातं जोडायचं आणि एआय सहायकाला आपल्या गुंतवणुकीबद्दल विचारायचं. त्यात होल्डिंग्जचं टूल वेगळं, पोझिशन्सचं वेगळं. शेवटचा भाव आणि जुने भाव यांचीही निरनिराळी. बाजारात वावरणाऱ्याला यातला फरक सांगावा लागत नाही : डिलिव्हरीसाठी आज घेतलेला शेअर आज पोझिशन्समध्ये दिसतो, दुसऱ्या दिवशी होल्डिंग्जमध्ये जातो. समजा, होल्डिंग्जच्या टूलखाली कुणी ‘ग्राहकाचे शेअर्स दाखवते’ एवढंच लिहिलं. ‘माझ्याकडे इन्फोसिसचे किती?’ या प्रश्नावर एजंट तेवढंच टूल चालवेल, सकाळची खरेदी सोडून देईल आणि चुकीचा आकडा छातीठोकपणे सांगेल.

या दुखण्याचं निदान आपल्याकडे सतराव्या शतकातच झालेलं आहे, आणि एआयच्या परिषदांमध्ये त्या माणसाचं नाव कुणी घेत नाही याचं मला वाईट वाटतं. अन्नंभट्ट. ‘तर्कसंग्रह’ हा त्याचा चिमुकला ग्रंथ. त्यावर ‘दीपिका’ ही टीकाही त्याचीच. तीत लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष गाईवरून सांगितले आहेत. ‘शिंगं असलेली ती गाय’ म्हणाल तर म्हैसही आत येते : अतिव्याप्ती. ‘कपिल रंगाची ती गाय’ म्हणाल तर पांढरी बाहेर राहते : अव्याप्ती. ‘न दुभंगलेल्या खुराची’ म्हणाल तर एकही गाय सापडणार नाही : असंभव. खरं लक्षण गळ्याखाली लोंबणारी कातडीची पोळी. (यशवंत वासुदेव आठल्ये यांनी टिपांसह संपादलेली या ग्रंथाची आवृत्ती मुंबई संस्कृत मालिकेत 1897 मध्ये निघाली. नंतर भांडारकर संस्थेने ती पुन्हा छापली. अजून वाचावी अशी आहे.)

वरचं ‘ग्राहकाचे शेअर्स’ ही अतिव्याप्ती. तेच टूल सरासरी खरेदीभाव आणि नफा-तोटाही देतं. वर्णनात फक्त ‘शेअर्सची यादी’ लिहिली, तर नफ्याच्या प्रश्नाला एजंट तिकडे फिरकणार नाही. ही अव्याप्ती. आणि कोड बदलला, वर्णन तसंच राहिलं, की टूल जे करतच नाही त्याचं आश्वासन मिळतं. तो असंभव.

मला यातला खरा गमतीचा भाग म्हैस वाटते. गोठ्यात गाई, घोडे आणि गाढवं एवढीच असतील, तर ‘शिंगं असलेली’ हे वर्णन बिनचूक चालतं. म्हैस आणून बांधली की त्यातलं अक्षरही न बदलता ते चुकतं. ‘शेअरचा भाव आणते’ हे वर्णन जुन्या भावांचं टूल येईपर्यंत ठीक होतं, नंतर त्यात ‘फक्त शेवटचा भाव, मागच्या तारखांसाठी हे वापरू नये’ असं लिहावंच लागतं. म्हणून आमचा एजंट शेकडो टूल्सना जोडलाय अशी जाहिरात दिसली, की नवीन टूल आलं तेव्हा जुनी वर्णनं कुणी पुन्हा वाचली का, असं मी विचारतो. उत्तर सहसा मिळत नाही.

मॉडेल योग्य टूल निवडतं का, याचं मोजमाप मात्र सुरू झालं आहे. आधी बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये असलेले शिशिर पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2023 मध्ये बर्कलीतून ‘गोरिला’ हे मॉडेल मांडलं. मोठी मॉडेलं अस्तित्वातच नसलेल्या एपीआयना (प्रोग्रामांनी वापरायच्या सेवांना) हाका मारतात, ही अडचण त्यांच्यासमोर होती. त्यावरचा एक उपाय म्हणजे ताजी कागदपत्रं शोधून मॉडेलपुढे ठेवायची. पुढे त्याच गटाने टूल वापरण्याच्या कौशल्याची क्रमवारी सुरू केली. तीत काही प्रश्न मुद्दाम असे घातलेत, की दिलेल्यांपैकी एकही टूल उपयोगाचं नाही. कुठलंही टूल न चालवणाऱ्या मॉडेललाच तिथे गुण मिळतात.