सोलापूर–मुंबई : 27 मिनिटांचं गणित, तासाभराचं तिकीट

सोलापूरहून मुंबई रेल्वेने 455 किलोमीटर. रस्त्याने 400च्या घरात. नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली तर जेमतेम 360! म्हणजे रेल्वे जवळजवळ 95 किलोमीटर जास्त हिंडवते; तेवढ्यात सोलापूरहून निघून कुर्डुवाडीही मागे पडते.

आता जेट विमान ताशी 800 किलोमीटर वेगाने जातं असं धरा. 360 किलोमीटरला 27 मिनिटं. मग वेळापत्रकात तासभर कसा? कारण तिकिटावरची वेळ जागेवरून चाक हललं की सुरू होते आणि मुंबईत विमान जागेवर लागलं की संपते. शिवाय पूर्ण वेग अगदी थोडाच वेळ मिळतो. उतरण्याचा वैमानिकांचा ठोकताळा असा : दर हजार फुटांना तीन सागरी मैल. 30 हजार फुटांवरून उतरायला 90 सागरी मैल, म्हणजे सुमारे 167 किलोमीटर. एवढी उंची गाठलीच, तर जवळजवळ निम्मी वाट उतरण्यातच गेली! त्यात मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन असून एका वेळी एकच कामाला. बसा घिरट्या घालत.

गोव्याचं गणित आणखी मजेशीर. 9 जून 2025 ला होटगी रोडच्या विमानतळावरून ‘फ्लाय91’चं पहिलं विमान गोव्याला गेलं. गोव्याचा मोपा विमानतळ इथून सरळ रेषेत सुमारे 300 किलोमीटर. विमान पंख्याचं, एटीआर. वेग ताशी 500च्या आसपास. ‘पंख्याचं’ म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांसाठी : एवढ्या अंतरात जेट कागदावर फार तर 14 मिनिटं वाचवतं, आणि इंधन मात्र जास्त पितं.

मुंबईची ‘स्टार एअर’ची सेवा ऑक्टोबर 2025 मध्ये सुरू झाली. त्याआधी किंगफिशरचं विमान इथून मुंबईला जायचं, हे आजच्या पोरांना सांगून पटत नाही. मधल्या काळात सगळ्यात गाजली ती श्री सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी. सुमारे 90 मीटर उंच, विमानतळाच्या शेजारी. मोर्चे झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, चौकाचौकांत दोन तट पडले. शेवटी 15 जून 2023 ला ती काही सेकंदांत जमीनदोस्त झाली.

एक सिद्धेश्वर विमानाच्या वाटेतून हटला, दुसरा अजून टक्कर देतोय. सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये रात्री पाठ टेकली की सकाळी मुंबई. प्रवासातला वेळ झोपेच्या खात्यात जातो. वंदे भारत साडेसहा तासांच्या आसपास घेते. विमानाची खरी चैन सोलापूरच्या बाजूला आहे : विमानतळ गावातच, रिक्षाने पोचावं इतका जवळ. मुंबईत उतरल्यावर फोर्टात जायचं असेल, तर वाचवलेला वेळ टॅक्सीत बसून खर्च करायची तयारी ठेवा.

जाता जाता सूर्याचा हिशेब. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण सोलापूर मुंबईच्या तीन अंश पूर्वेला. एका अंशाला चार मिनिटं, म्हणून सूर्य इथे साधारण 12 मिनिटं आधी डोक्यावर येतो. विमानाने त्याचा पाठलाग करून उपयोग नाही. आपल्या अक्षांशावर तो ताशी सुमारे 1,590 किलोमीटरने पश्चिमेला पळतो. तरी मुंबईला जाणाऱ्याला त्या दिवशी 12 मिनिटांचा दिवस फुकट मिळतो. परतताना तेवढाच कापून घेतात.