एकच सोर्स कोड, वेगवेगळी मशीनं : गैरसमज आणि वस्तुस्थिती

टारबॉल उतरवून घ्यायचा, उलगडायचा, टर्मिनलवर ‘कॉन्फिगर’, ‘मेक’ आणि ‘मेक इन्स्टॉल’ असे तीन आदेश द्यायचे, की सी भाषेतलं सॉफ्टवेअर आपल्या मशीनवर हजर. लिनक्सवर काम करणाऱ्यांना हा क्रम तोंडपाठ असतो. पहिला आदेश दिल्यावर ‘चेकिंग फॉर’ने सुरू होणाऱ्या ओळींची रांगच्या रांग पडद्यावरून सरकत जाते. ती सहसा कोणी वाचत नाही आणि सगळं सुरळीत पार पडलं तर वाचावी लागतही नाही. पण तोच टारबॉल एआरएमच्या छोट्या बोर्डावर, आयबीएमच्या मेनफ्रेमवर किंवा मोठ्या क्लस्टरवर न्यायचा म्हटला की गाडी अडते. अडते ती बहुतेक वेळा पुढच्यापैकी एखाद्या समजुतीपाशी.

गैरसमज १ : सी पोर्टेबल आहे, म्हणजे एकदा लिहिलेला कोड कुठेही तसाच चालतो.

वस्तुस्थिती : सीचं मानक फार थोड्या गोष्टींची हमी देतं. ‘कॅर’ किमान ८ बिटांचा, ‘इंट’ किमान १६ आणि ‘लाँग’ किमान ३२. त्यापुढचं कंपायलर आणि मशीन यांच्यावर सोडलेलं आहे. हा मोकळेपणा जाणूनबुजून ठेवलेला आहे. त्यामुळेच सी लहानशा मायक्रोकंट्रोलरवरही चालते आणि सुपरकॉम्प्युटरवरही.

बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची आणि स्टीव्ह जॉन्सन यांनी १९७७-७८ च्या सुमारास युनिक्स १६ बिटांच्या पीडीपी-११ वरून ३२ बिटांच्या इंटरडेटा ८/३२ वर नेलं, तेव्हाच हे लख्ख दिसलं. पॉइंटर आणि इंट एकमेकांच्या जागी खुशाल वापरणारा कोड पीडीपी-११ वर खपून जात होता. नव्या मशीनवर तो उघडा पडला. संशयास्पद ओळी हुडकून काढणारं ‘लिंट’ हे साधन जॉन्सन यांनी त्याच सुमारास तयार केलं.

आजचं एक उदाहरण जवळून पाहू. फाइलमधला एकेक बाइट वाचण्यासाठी ‘गेट-कॅर’ हे फंक्शन वापरतात. ते इंट परत करतं आणि फाइल संपली की ईओएफ, म्हणजे सहसा उणे एक. नवशिका प्रोग्रामर हे उत्तर ‘कॅर’ प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये ठेवतो. इंटेलच्या लिनक्स मशीनवर ‘कॅर’ला चिन्ह असतं, त्यामुळे उणे एक ओळखू येतो आणि लूप थांबतो. फाइलमध्ये मध्येच २५५ किमतीचा बाइट आला तर तोही उणे एक वाटतो आणि वाचन अर्ध्यातच संपतं, पण हे सहसा लक्षात येत नाही. एआरएमवरच्या लिनक्समध्ये ‘कॅर’ला चिन्ह नसतं. तिथे उणे एकाचा २५५ होतो, ईओएफशी तुलना कधीच जुळत नाही आणि लूप अखंड फिरत राहतो. कोड तोच, पण दोन मशीनांवर चूक दोन तऱ्हांनी बाहेर येते. व्हेरिएबल ‘इंट’ केलं की दोन्हीकडे प्रश्न मिटतो. त्यासाठी कॉन्फिगर काही करू शकत नाही, ही चूक कोडमध्येच दुरुस्त करावी लागते.

गैरसमज २ : प्रोसेसरचं नाव कळलं की बाकीचं आपोआप ठरतं.

वस्तुस्थिती : एकाच इंटेल प्रोसेसरवर ६४ बिटांचं लिनक्स असेल तर ‘लाँग’ ६४ बिटांचा असतो, तर ६४ बिटांच्या विंडोजवर तो ३२ बिटांचाच. एआरएमवरच्या लिनक्समध्ये ‘कॅर’ला चिन्ह नसतं, पण ॲपलने आपल्या एआरएम मशीनांवर ते ठेवलेलं आहे. म्हणजे कोडचं वागणं प्रोसेसरइतकंच ऑपरेटिंग सिस्टिमवर आणि तिने ठरवलेल्या संकेतांवर अवलंबून असतं. या संकेतांच्या संचाला एबीआय म्हणतात. कॉन्फिगरला मशीन सांगताना प्रोसेसर, विक्रेता आणि सिस्टिम अशी जोडनावं वापरतात ती यामुळेच.

बाइटच्या क्रमाचंही तसंच. इंटेल आणि आजची बहुतेक एआरएम मशीनं संख्येचा कमी किमतीचा बाइट मेमरीत आधी ठेवतात. त्यावरून ‘आता सगळं लिटल-एंडियनच’ असं म्हटलं जातं. पण आयबीएमच्या झेड मेनफ्रेमवरचं लिनक्स बिग-एंडियन आहे, आणि इंटरनेट प्रोटोकॉलच्या हेडरमधल्या संख्याही त्याच क्रमाने जातात. डिस्कवर किंवा नेटवर्कवर मेमरीतलं स्ट्रक्चर जसंच्या तसं ओतणारा कोड तिथे फसतो. एकेक बाइट शिफ्ट करून लिहिणाऱ्या कोडला मशीनचा क्रम कोणता, हे विचारावंच लागत नाही.

गैरसमज ३ : कॉन्फिगरकडे सगळ्या मशीनांची यादी असते, त्यात बघून ते सेटिंग निवडतं.

वस्तुस्थिती : पूर्वी तसं होतं. कोडमध्ये सन, व्हॅक्स अशी नावं घालून अटी लिहिलेल्या असत. नवं मशीन आलं की प्रत्येक फाइलमध्ये नवी अट घालायची. डेव्हिड मॅकेंझी यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या ऑटोकॉन्फने वेगळी वाट रूढ केली. ऑटोकॉन्फची कॉन्फिगर स्क्रिप्ट काही ओळींचा सी प्रोग्राम लिहिते, तो आपल्याच कंपायलरला देते आणि काय होतं ते पाहते. कंपाइल झाला तर हेडर आहे, लिंक झाला तर फंक्शन आहे. उत्तरं ‘कॉन्फिग डॉट एच’ या फाइलमध्ये जमा होतात आणि उरलेला कोड मशीनचं नाव न विचारता फक्त ही फाइल वाचतो.

मशीनचं नाव ओळखायला ‘कॉन्फिग डॉट गेस’ आणि ‘कॉन्फिग डॉट सब’ या दोन स्क्रिप्ट मात्र सोबत असतात. जुना टारबॉल ६४ बिटांच्या एआरएमवर किंवा रिस्क-फाइव्हवर नेला की ‘मशीन ओळखता येत नाही’ असा एरर येतो तो या दोघींचा. तो पाहून ‘हे सॉफ्टवेअर या प्रोसेसरवर चालतच नाही’ असा निष्कर्ष काढायची घाई नको. त्या स्क्रिप्ट लिहिल्या गेल्या तेव्हा ते नावच जन्माला आलेलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. ग्नू प्रकल्प या दोन फाइली सतत अद्ययावत ठेवतो. नव्या आणून जुन्यांच्या जागी ठेवल्या की बरेच जुने टारबॉल मूळ कोडला हात न लावता बिल्ड होतात. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ किंवा सी-डॅकचा ‘वेगा’ यांसारख्या रिस्क-फाइव्ह प्रोसेसरसाठी जुनं सॉफ्टवेअर बांधायचं असेल तर सुरुवात इथूनच करावी.

गैरसमज ४ : कॉन्फिगर एरर न देता संपलं, म्हणजे सगळ्या सोयी मिळाल्या.

वस्तुस्थिती : चाचणी नापास झाली तर कॉन्फिगर बहुधा थांबत नाही. ती सोय वगळून पुढे जातं. चाचणी खरोखर नापास झाली की चाचणीच चुकीची होती, हा फरक त्याला कळत नाही.

२०२४ मध्ये एक्सझेड या फाइल आकसणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम घुसवलेली चोरवाट सापडली तेव्हा याचं अस्सल उदाहरण समोर आलं. या प्रकल्पाची बिल्ड-व्यवस्था सीमेक या दुसऱ्या साधनातही होती. लिनक्सची ‘लँडलॉक’ ही सुरक्षेची सोय उपलब्ध आहे का, हे तपासणारा छोटा सी प्रोग्राम त्यात होता. त्या प्रोग्रामात एका ओळीवर नुसतं एक टिंब टाकलेलं होतं. एवढ्याने तो कोणत्याही मशीनवर कंपाइल होईना. लँडलॉक असलेल्या मशीनवरही उत्तर ‘नाही’ येई आणि सुरक्षा गुपचूप बंद राही. एरर कुठेच नाही. खुद्द चोरवाटही बिल्ड-स्क्रिप्टमधूनच आत शिरत होती, आणि ६४ बिटांच्या इंटेल पद्धतीच्या लिनक्सवर आपण आहोत याची खात्री करूनच ती पुढे सरकत असे.

दर वेळी कोणी घातपात केलेला नसतो. एखाद्या लायब्ररीचं डेव्हलपमेंट पॅकेज टाकायचं राहिलं तरी परिणाम तोच. म्हणून शेवटी छापला जाणारा गोषवारा वाचायचा. अपेक्षित सोय ‘नो’ दिसली तर ‘कॉन्फिग डॉट लॉग’ उघडायचा. कोणता प्रोग्राम लिहिला, कोणता आदेश दिला आणि कंपायलर काय म्हणाला, हे सगळं त्यात शब्दशः असतं.

गैरसमज ५ : ‘मार्च नेटिव्ह’ लावलं की सॉफ्टवेअर जास्त वेगवान, आणि तोटा काहीच नाही.

वस्तुस्थिती : हा पर्याय कंपायलरला सांगतो, की समोरच्या प्रोसेसरला येणाऱ्या सगळ्या सूचना वापर. ज्या मशीनवर बांधलं तिथेच चालवायचं असेल तर ठीक. क्लस्टरवर मात्र लॉगिन नोड आणि हिशेब करणारे नोड वेगवेगळ्या पिढ्यांचे असू शकतात. नव्या नोडवर बांधलेला प्रोग्राम जुन्यावर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून कोसळतो. तोही लगेच नाही, ती सूचना येईल तेव्हा. तासभर नीट चाललेलं काम मध्येच मरतं आणि संशय भलतीकडेच जातो.

मोठ्या संख्यांचं गणित करणारी जीएमपी ही लायब्ररी तर हा पर्याय न देताही अशी वागते. तिचं कॉन्फिगर प्रोसेसरची नेमकी पिढी ओळखून तिच्यासाठी हाताने लिहिलेला असेंब्ली कोड निवडतं. सगळीकडे चालणारी प्रत हवी असेल तर सर्वसाधारण मशीनचं नाव आपण स्वतः द्यायचं, किंवा इंटेल पद्धतीच्या मशीनांवर ‘एनेबल फॅट’ मागायचं. मग अनेक पिढ्यांचा कोड एकत्र बांधला जातो आणि योग्य तो चालतेवेळी निवडला जातो.

मधला मार्गही आहे. ६४ बिटांच्या इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरांच्या पायऱ्या २०२० मध्ये ठरवण्यात आल्या. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सच्या ९ व्या आवृत्तीला किमान दुसरी पायरी लागते, १० व्या आवृत्तीला तिसरी. आपल्याकडचं सगळ्यांत जुनं मशीन कोणत्या पायरीवर आहे ते पाहायचं आणि तीच कंपायलरला सांगायची.

गैरसमज ६ : ‘होस्ट’ म्हणजे ज्या मशीनवर बसून कंपाइल करतो ते.

वस्तुस्थिती : ऑटोकॉन्फच्या भाषेत बांधतो ते मशीन ‘बिल्ड’ आणि प्रोग्राम पुढे जिथे चालणार ते ‘होस्ट’. ‘टार्गेट’ फक्त कंपायलरसारखी साधनं बांधताना लागतं. लॅपटॉपवर बसून एआरएम बोर्डासाठी बांधताना हा घोळ हमखास होतो.

अशा वेळी चाचणीचा प्रोग्राम कंपाइल होतो, पण तो एआरएमचा असल्याने लॅपटॉपवर चालवून पाहता येत नाही. काही प्रश्नांना यातूनही वाट निघते. ‘लाँग’ किती बाइटांचा हे विचारायला ऑटोकॉन्फ असा प्रोग्राम लिहितं, की अंदाज चुकला तर त्यातल्या ॲरेचा आकार ऋण होतो आणि कंपायलर एरर देतो. एरर येतो की नाही, एवढ्यावरून खरा आकार सापडतो, आणि काहीही चालवावं लागत नाही.

जिथे चालवूनच पाहावं लागतं तिथे मात्र जुन्या स्क्रिप्ट वाईटात वाईट उत्तर धरून चालतात. शून्य बाइट मागितल्यावर ‘मॅलॉक’ काय देतं, हा तसला प्रश्न. उत्तर कळत नाही म्हणून स्क्रिप्ट ‘मॅलॉक’च्या जागी ‘आरपीएल मॅलॉक’ हे नाव घालते, ते फंक्शन कोडमध्ये कुठेच नसतं आणि लिंक करताना सगळं अडतं. उपाय सोपा आहे. खरं उत्तर आपल्याला ठाऊक असतं, ते कॅश व्हेरिएबलमधून कॉन्फिगरला आधीच सांगून टाकायचं.

गैरसमज ७ : ३२ बिटांच्या मशीनवर २ जीबीहून मोठी फाइल हाताळता येत नाही, आणि २०३८ नंतर ते कालबाह्य.

वस्तुस्थिती : या दोन्ही मर्यादा प्रोसेसरच्या नाहीत. फाइलमधली जागा आणि वेळ मोजायला कोणता प्रकार निवडला, त्याच्या आहेत. ३२ बिटांच्या लिनक्सवर मोठ्या फाइलींसाठीचा मॅक्रो ६४ ठेवला की पहिली मर्यादा सुटते. वेळेसाठी तसाच मॅक्रो ग्नू सी लायब्ररीच्या २.३४ या आवृत्तीत, २०२१ मध्ये, आला. एक अट मात्र पाळायची. एकमेकांशी बोलणाऱ्या सगळ्या लायब्ररी त्याच निवडीने बांधायच्या. एकीला वेळ ४ बाइटांची आणि दुसरीला ८ बाइटांची वाटली तर कंपायलर तक्रार करत नाही, पण डेटा बिघडतो.

शेवटी हाती काय धरायचं?

पोर्टेबल सॉफ्टवेअरमध्येही मशीनामशीनांतले फरक असतातच. लिहिणाऱ्याने ते मान्य करून एका जागी गोळा केलेले असतात, आणि कॉन्फिगर ती जागा भरतं. म्हणून आदेश देण्याआधीच ठरवायचं, की हा प्रोग्राम चालणार कुठे. दिलेले पर्याय लिहून ठेवायचे, म्हणजे सहा महिन्यांनी तीच प्रत पुन्हा बांधता येते. आणि ‘मेक’ झाल्यावर, सोय असेल तिथे, ‘मेक चेक’ चालवायचं. जीएमपीचे कर्ते तर हे केल्याशिवाय लायब्ररी वापरूच नका, असं बजावतात, कारण कधी कधी कंपायलरही चुकतो. ही तपासणी बांधलेल्या मशीनवर करून भागत नाही. प्रोग्राम जिथे चालणार, तिथेच ती करायची.