खर्च रयतेचा, बैठक कोणाची?

माझे वडील विशीत असताना संस्थानच्या दरबारात गात. बिदागी खजिन्यातून, म्हणजे रयतेच्या शेतसाऱ्यातून येई. पण सारा भरणारा मात्र वाड्याबाहेरच उभा. हे शल्य त्यांना अखेरपर्यंत होते.

आज आमच्या भोपाळात भूस्थिर उपग्रहांवर अहोरात्र नजर ठेवणारे इस्रोचे केंद्र आहे. २००५ साली सुरू झालेले हे कामही आपल्याच करांवर चालते. परंतु काळ पालटला आहे. श्रीहरिकोट्यास ३१ मार्च २०१९ रोजी ५,००० माणसांची प्रेक्षकसज्जा खुली झाली. आधी नाव नोंदवावे आणि अग्निबाण उडताना डोळे भरून पाहावा!

शिष्यांना मी सांगतो, एकदा जाऊन या. गाणे असो की अग्निबाण, ज्याने खर्च सोसला त्याला बैठकीत जागा हवीच.