न जुळणाऱ्या आकड्यांची रायफल

फिनलंडची जुनी एम-39 सैनिकी रायफल पाहिली, की नळीवर साल स्पष्ट दिसते: 1941 किंवा 1942. शेजारी साको किंवा व्हीकेटी या फिनिश कारखान्याची खूण असते. ओळख पटली, असे वाटते. पण पट्ट्या सैल करून, दोन स्क्रू काढून पोलादी सांगाडा लाकडी दस्त्यातून उचलला आणि रिसीव्हरची मागची शेपटी उलटून पाहिली, की तिथे वेगळेच साल निघते. कधी 1915, कधी चक्क 1897. शिक्का बहुधा रशियातल्या तुला किंवा इझेव्स्कचा. क्वचित फ्रान्समधल्या शातेलरोचा किंवा अमेरिकेतल्या रेमिंग्टनचा!

मग ही रायफल किती सालची?

रिसीव्हर म्हणजे बोल्ट ज्यात मागेपुढे सरकतो तो गाभा. मोसिन-नागां जातीच्या रायफलींसाठी फिनलंडने तो कधी बनवलाच नाही. 1891 मध्ये झारच्या सैन्याने ही रायफल स्वीकारली, तेव्हा रशियन कारखान्यांची तयारी अपुरी होती, म्हणून सुमारे पाच लाख रायफली शातेलरोकडून बनवून घेतल्या गेल्या. पहिल्या महायुद्धात मागणी अमेरिकेपर्यंत गेली. डिसेंबर 1917 मध्ये फिनलंड स्वतंत्र झाला आणि रशियन सैन्याने मागे सोडलेल्या रायफली त्याच्या हाती पडल्या. पुढे युरोपातून आणखी जमवल्या. नळी झिजली तर नवी बसवायची, लाकूड फुटले तर तेवढाच भाग बदलायचा, गाभा मात्र तोच ठेवायचा. एम-39 चा दस्तासुद्धा दोन तुकड्यांचा असतो. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफावीत तसा त्यांचा सांधा. जुन्या साच्यावर देशाने स्वतःची, अधिक अचूक रायफल उभी केली. याच घराण्यातली एम/28-30 घेऊन फिनलंडचा नेमबाज सिमो हायहा सोव्हिएत संघाविरुद्धच्या 1939-40 च्या हिवाळी युद्धात लढला.

अमेरिकेच्या 1968 च्या बंदूक कायद्यात तर जुना गाभा ठेवण्याचा अजब परिणाम दिसतो. 1898 किंवा त्याआधी बनलेली बंदूक तिथे पुरातन मानली जाते, आणि बंदुकीचे वय ठरते रिसीव्हरवरून. त्यामुळे 1942 च्या नळीची रायफल शेपटीवरच्या 1897 मुळे पुरातन ठरते.

खुणा वाचता आल्या, की धातू बोलू लागतो. तारा म्हणजे तुला, त्रिकोणातला बाण म्हणजे इझेव्स्क, चौकटीतली ‘एसए’ ही अक्षरे म्हणजे फिनिश सैन्याची मालमत्ता. क्रांतीनंतर घासून काढलेल्या झारच्या गरुडाची पुसट जागाही कुठे कुठे सापडते. मला सर्वांत भुरळ घालते ती नेम धरण्याची पट्टी. रशियनांनी तिच्यावर अंतरे अर्शिनमध्ये कोरली होती. एक अर्शिन म्हणजे 71.12 सेंटिमीटर. फिनिश कारागिरांनी त्याच पट्टीवर मीटरचे आकडे ठोकले. दोन देशांची मापे एकाच पोलादावर!

नवख्या संग्राहकाला मात्र बोल्टवरचा क्रमांक नळीवरच्या क्रमांकाशी जुळायला हवा असतो. इथेच तो फसू शकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत शस्त्रागारांनी हजारो रायफली खोलून दुरुस्त केल्या, भाग एकमेकांत मिसळले आणि जोडणी झाल्यावर बोल्टवरचा जुना आकडा खोडून नवा घातला. म्हणजे जुळणारा आकडा कधी कधी नंतर जुळवलेला असतो, आणि न जुळणारा आकडा खरा इतिहास सांगतो. माझ्या मते बेमेळ फिनिश मोसिन हीच अस्सल फिनिश मोसिन.

जतन करतानाही हा इतिहास सांभाळायचा. साठवणीतले घट्ट, तपकिरी ग्रीज पातळ द्रावकाने हळूहळू उतरवायचे. दस्त्याला पोचे पडले असतील तर ओले फडके ठेवून वर गरम इस्त्री टेकवायची. वाफेने लाकडाचे दबलेले तंतू फुगून वर येतात. मग अळशीच्या तेलाचा पातळ हात द्यायचा. नळीतला गंज बहुधा जुन्या काडतुसांच्या टोपीमुळे आलेला असतो. तिच्यातले पोटॅशियम क्लोरेट जळून पोटॅशियम क्लोराइड उरते आणि हा क्षार हवेतले पाणी ओढतो. तो नुसत्या तेलाने विरघळत नाही. आधी गरम पाणी, मग कोरडे पुसणे आणि शेवटी तेल. बोल्ट दुसऱ्या रायफलीचा असेल, तर काडतुसाच्या कडेला मिळणारी जागा मापकाने तपासून घेतल्याशिवाय गोळी झाडू नये. ते काम जाणत्या आर्मररचेच. बाकी 1891 चे हे काडतूस अजून म्हातारे झालेले नाही. भारतीय सैन्याच्या द्रागुनोव्ह रायफलीत आजही तेच भरतात.

दस्ता चकचकीत करायच्या मोहात सँडपेपर कधीही लावू नका. लाकडावरचे शिक्के एका दुपारात जातात आणि पुन्हा उमटवता येत नाहीत. आधी प्रत्येक खुणेचा फोटो घ्या, आणि बदललेला प्रत्येक भाग, कितीही जुनाट दिसला तरी, रायफलीसोबतच ठेवा.