लाल लंडन, १९८१-८६

संस्था : ग्रेटर लंडन कौन्सिल, म्हणजे जीएलसी. स्थापना १९६५. ३२ बरो (स्थानिक प्रभाग) कौन्सिलांच्या वरचा स्तर. पोलिस मात्र गृहमंत्र्यांच्या हाताखाली.

नेता, महापौर नव्हे : मे १९८१ मध्ये मजूर पक्षाला बहुमत. दुसऱ्याच दिवशी पक्षाच्या सदस्यांनी मवाळ अँड्र्यू मॅकिंटॉश यांना बाजूला सारून डाव्या गटाचे केन लिव्हिंगस्टन यांना नेतेपदी निवडले.

स्वस्त तिकिटाचा खटला
• ऑक्टोबर १९८१ : बस व ट्यूबच्या (भुयारी रेल्वेच्या) भाड्यात सुमारे ३२ टक्के कपात. तूट ‘रेट्स’मधून, म्हणजे स्थानिक मालमत्ता करातून भरायची.
• हुजूर पक्षाच्या ताब्यातले ब्रॉम्ली बरो कोर्टात गेले. ब्रॉम्लीत ट्यूब पोचतच नाही, कर मात्र भरावा लागणार होता.
• डिसेंबर १९८१ : हाउस ऑफ लॉर्ड्सच्या (तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाच्या) न्यायाधीशांनी कपात बेकायदा ठरवली. १९६९ च्या कायद्यानुसार बस व ट्यूब चालवणाऱ्या लंडन ट्रान्सपोर्टने काटकसरीने कारभार करणे बंधनकारक होते.
• मार्च १९८२ : भाडे जवळपास दुप्पट.
• १९८३ : कायद्यात बसेल अशी नवी, सौम्य कपात. ट्रॅव्हलकार्डची सुरुवात याच वर्षीची.

वेसण : १९८४ च्या रेट्स कायद्याने स्थानिक करवाढीवर कमाल मर्यादा घालण्याचा अधिकार मार्गारेट थॅचर यांच्या हुजूर पक्षाच्या सरकारकडे आला.

शेवट : १९८५ चा कायदा, ३१ मार्च १९८६ रोजी जीएलसी बरखास्त. सोबत इंग्लंडमधल्या आणखी ६ महानगर कौंटी कौन्सिलाही गेल्या. त्याही मजूर पक्षाकडेच होत्या.

पुन्हा : २००० मध्ये ग्रेटर लंडन ऑथॉरिटी. महापौर थेट जनतेतून. पहिले लिव्हिंगस्टनच, अपक्ष म्हणून.